ताडीवाला रोडचा अल्ताफ

‘शेमडी’ हा शब्द आजवर कुठल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात आला असेल, असे मला वाटत नाही. नाक पुसायचे भान नसलेल्या पोराला किंवा पोरीला आया ज्या शब्दाने हाक मारतात, तो हा शब्द. घरातला, अंगणातला, थोडा लाडाचा, थोडा हिणवणारा. 2022 च्या ऑक्टोबरपासून 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत हा शब्द दिल्ली, लखनौ, भोपाळच्या घराघरांत टीव्हीवर रोज रात्री ऐकू येत होता, आणि तिथली मुले तो एकमेकांना म्हणून दाखवत होती. हा शब्द तिथे नेला पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या एका मुसलमान पोराने. मराठीच्या प्रसारासाठी समित्या आहेत, पंधरवडे आहेत, ठराव आहेत. त्यांपैकी कोणी या पोराला हार घातल्याचे ऐकिवात नाही.

त्याचे नाव अल्ताफ शेख. जग त्याला एमसी स्टॅन म्हणून ओळखते. जन्म 30 ऑगस्ट 1999 चा. ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व 12 फेब्रुवारी 2023 च्या रात्री संपले तेव्हा सलमान खानने त्याचा हात वर केला. अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. बक्षीस 31 लाख 80 हजार रुपये आणि वर एक मोटार. त्या रात्री माझ्या बहिणीच्या घरी, जुन्या नाशकात, मी जेवायला होतो. भाच्याने टीव्हीचा आवाज इतका मोठा केला होता की खालच्या मजल्यावरचे बागवान चाचा वर आले. ते भांडायला आले असावेत, असे मला वाटले. पण ते म्हणाले, “जीता क्या अपना?” आणि चहा पिऊन गेले.

‘अपना’ या शब्दापाशी मी तेव्हापासून थांबलो आहे. या पोरात आपले काय आहे? तो शिव्या देतो. त्याच्या अंगावरचे बूट 80 हजार रुपयांचे आहेत, हे त्याने त्या घरात साऱ्या देशाला ऐकवले. गळ्यात हिऱ्यांची माळ, आणि माळेत अक्षरे कोणती, तर ‘हिंदी’. मराठी शब्दांवर जगणाऱ्या पोराने गळ्यात ‘हिंदी’ घालावे, याची मला गंमत वाटते. आपल्या घरांची भाषा नेमकी कोणती, हे आपल्याला तरी कुठे धड सांगता येते म्हणा. पण ही माळ, हे बूट, ही शिवीगाळ बाजूला ठेवून त्याची गाणी लक्ष देऊन ऐकायची असे मी ठरवले; कारण माझा भाचा ती रात्रंदिवस ऐकत होता आणि पुढे स्वतःही लिहू लागला होता. मुलगा जे ऐकतो ते मामाने ऐकलेच नाही तर मामाला त्याच्याशी बोलायचा अधिकार राहत नाही.

ताडीवाला रोड पुणे स्टेशनला लागून आहे. रेल्वेच्या आवाजात वाढलेली ही वस्ती. दलित, मुसलमान, ख्रिस्ती, बाहेरगावाहून आलेले मजूर, सगळे एका भिंतीआड एक. लहानपणी अल्ताफ कव्वाली गात असे. टाळीवर शब्द टाकणे, श्वास कुठे तोडायचा, समोरच्या मंडळींना कधी उचलून घ्यायचे, हे कव्वालीत शिकावेच लागते, आणि ते एकदा आले की मग चाल बदलली तरी अंगातून जात नाही. त्याच्या बोलण्यात मला ते दिसते. ‘अस्तगफिरुल्लाह’ या नावाचे त्याचे एक सुरुवातीचे गाणे आहे. अमेरिकी थाटाच्या संगीतावर, पण नाव तौबेचे. आपल्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून धक्का बसेल. मला मात्र त्यात त्या वयाच्या मुलाची खरी ओढाताण दिसते: ज्या गोष्टी करून बसला आणि ज्या गोष्टी घरात शिकला, त्या दोन्ही एका दमात सांगून टाकायच्या आहेत.

‘स्टॅन’ हे नाव अमेरिकेतून आले. एमिनेम हा डेट्रॉइट शहरातला गोरा रॅपर; त्याचे ‘स्टॅन’ नावाचे गाणे 2000 सालचे. एक वेडा चाहता आपल्या आवडत्या गायकाला पत्रांमागून पत्रे लिहितो, उत्तर येत नाही, शेवटी तो गाडीसकट पुलावरून खाली जातो. तिकडे पुढे कडव्या चाहत्यालाच ‘स्टॅन’ म्हणू लागले आणि शब्द इंग्रजी कोशात गेला. पुण्याच्या पोराने तेच नाव घेतले. म्हणजे त्याने गायकाचे नाव घेतले नाही, चाहत्याचे घेतले, ज्याचे पत्र कोणी वाचले नाही त्याचे. हे त्याने विचार करून केले की नाही, ठाऊक नाही. पण नाव मला फार बोलके वाटते.

रॅपचा जन्म अमेरिकेतला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 ला जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने एका इमारतीतल्या समारंभात रेकॉर्डचा ढोलाचा तुकडाच परत परत वाजवला, तिथून या प्रकाराची गणती करतात. काळ्यांची, बेकारांची, मोडकळीला आलेल्या इमारतींची वस्ती. त्या संगीतात इस्लामही पहिल्यापासून आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. माल्कम एक्सच्या भाषणांचे तुकडे रॅपच्या गाण्यांत आले. मॉस डेफ या रॅपरने, पुढे त्याने यासीन बे असे नाव घेतले, 1999 च्या आपल्या अल्बमची सुरुवात बिस्मिल्लाहने केली. तेव्हा हे सारे ‘फिरंगी खूळ’ आहे असे मशिदीच्या कट्ट्यावर कोणी म्हणाले की मी एवढे सांगतो आणि गप्प बसतो.

आपल्याकडे या गाण्याचा रस्ता मुंबईच्या कुर्ल्यातून गेला. नावेद शेख ऊर्फ नेझी. जानेवारी 2014 मध्ये त्याने ‘आफत’ हे गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर बोलून घेतले, चित्रीकरणही त्याच यंत्रावर केले. ना स्टुडिओ, ना कंपनी. कुर्ला पश्चिमेचा पिनकोड 400070. त्यावरून ‘बॉम्बे 70’ नावाचा माहितीपट त्याच्यावर निघाला. 2015 मध्ये डिव्हाइन म्हणजे विवियन फर्नांडिस याच्याबरोबर ‘मेरे गली में’ आले, आणि या दोघांच्या वाटचालीवरून झोया अख्तरने 14 फेब्रुवारी 2019 ला ‘गली बॉय’ आणला. चित्रपटातला मुराद धारावीचा. तो सिनेमा ऑस्करसाठी भारताकडून गेला. आपल्या पोरांनी तो तीन-तीनदा पाहिला, आणि तीन-तीनदा पाहावा असाच तो होता; कारण हिंदी पडद्यावर मुसलमान मुलगा म्हणजे एक तर कव्वाल, नाही तर नवाब, नाही तर दहशतवादी, हे इतकी वर्षे चालले होते, आणि इथे तो घरी बापाच्या हातचा मार खाऊन वहीत ओळी लिहिणारा एक साधा मुलगा होता.

नेझीचे पुढे काय झाले, ते आमच्या घरात जास्त बोलले जाते. नाव मिळाले आणि त्याच सुमारास तो दीर्घ काळ गप्प झाला. गाणे दीनात बसते का, हा प्रश्न त्याच्या घरात होता आणि त्याच्या मनातही होता, हे त्याने लपवले नाही. तो परत आला. 2021 मध्ये आलेल्या अल्बमचे नाव त्याने ‘मगरेब’ ठेवले. 2024 मध्ये ‘बिग बॉस ओटीटी’त दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच्या त्या गप्प राहण्याला पत्रकारांनी ‘ब्रेक’ म्हटले. आपल्या घरांत त्याला ब्रेक म्हणत नाहीत.

माझे दुल्हेभाई जमातीबरोबर जाणारे. शांत माणूस. भाच्याच्या गाण्याचा विषय निघाला की ते आवाज चढवत नाहीत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि म्हणतात, “बोल अच्छे हैं तो बोल. साज कायकू?” मला हा प्रश्न उडवून लावण्याजोगा वाटत नाही. वाद्यांना हरकत घेणारे उलेमा बहुसंख्य आहेत, हे खरे. आणि इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर एक सबंध प्रकरण लिहून अटींसह वाट मोकळी ठेवली, हेही खरे. चिश्ती खानकाहा त्याच वाटेने चालल्या. आमच्या जुन्या नाशकात बडी दर्गा आहे, उरूस आहे, कव्वाली आहे. आणि तिथून हाकेच्या अंतरावर कव्वालीला बिदअत म्हणणारी मंडळीही राहतात, एकाच मंडईतून भाजी घेतात. भाच्याने यातून आपल्यापुरता तोडगा काढला. वडील घरी असताना तो साजाविना, नुसत्या पाटावर बोटे वाजवून म्हणतो. खरे सांगायचे तर ते मला अधिक चांगले वाटते, कारण शब्द झाकले जात नाहीत. त्याला तसे सांगितले तर तो म्हणतो, “मामू, तुमको बीट समझतीच नै.”

‘समझतीच’मधला हा ‘च’. इथे मला जरा थांबू द्या.

आपण घरी जे बोलतो त्याला आपणच ‘बागवानी’ म्हणून हसतो. उर्दूवाले म्हणतात ही बिघडलेली उर्दू, मराठीवाले म्हणतात ही बिघडलेली हिंदी. ‘कायकू’मधला ‘काय’ मराठी, ‘नको’ मराठी, ‘हल्लू’ म्हणजे आपले ‘हळू’, आणि जोर देणारा ‘च’ तर सरळ उचललेला. ही दख्खनी आहे. दिल्लीत उर्दूची मैफल बसण्याआधी विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारात या भाषेत काव्य होत होते. 1612 मध्ये वारलेला मुहम्मद कुली कुतुबशाह हा बादशहा दख्खनीत दीवान लिहून गेला. तीच भाषा आज जुन्या नाशकात, सोलापुरात, ताडीवाला रोडवर उरली आहे. फक्त तिच्या अंगावरची राजवस्त्रे गेली आणि भाजीच्या पाटीचा वास आला.

आपण मराठीत लिहिणारे मुसलमान. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण एक गोष्ट सांगत आलो: आमची भाषा मराठी आहे, आम्ही याच मातीतले आहोत. फकरुद्दीन बेन्नूर सरांसारख्यांनी हे अभ्यासाने सांगितले, पुरावे देऊन सांगितले. ते सांगणे गरजेचे होते आणि आजही आहे. पण हे सांगताना आपण जी मराठी लिहिली ती शाळेतल्या बाईंना आवडेल अशी लिहिली. घरातली बोली आली तर संवादात, अवतरणचिन्हांत, आजीच्या तोंडी. लेखकाच्या स्वतःच्या तोंडी नाही. जणू अंगणात चप्पल काढून आत यावे तशी आपण ती दाराबाहेर काढून मराठीत येत गेलो. ही टीका मी कोणा एकावर करत नाही, माझे स्वतःचे लिखाणही याच घाटाचे आहे आणि मला ते आवडते. पण ताडीवाला रोडच्या पोराने चप्पल काढली नाही. तो आहे तसा आत शिरला. ‘तडीपार’ हे त्याच्या 2020 च्या अल्बमचे नाव. हा शब्द कुठला? पोलीस ठाण्यातला. महाराष्ट्र पोलीस कायद्याने एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते, त्याला वस्तीत हा शब्द आहे. गणपती आले, ईद आली, निवडणूक आली की गल्लीत कोणाकोणाला नोटीस लागली, ही कुजबुज आपल्याकडच्या प्रत्येक वस्तीने ऐकलेली. त्या शब्दाची भीती त्या पोराने उचलून गाण्याच्या माथ्यावर पाटी म्हणून लावली. मग आपण त्याला मराठी म्हणायचे की नाही?

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 मध्ये आला तेव्हा त्यातल्या शब्दांनी पांढरपेशा वाचक असाच बावरला होता. त्याला प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी, आणि त्या जगातले अनेक शब्द आपल्याला परके असल्याचे त्यांनी मोकळेपणाने दाखवले. ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमर शेख या शाहीर अमर शेखांच्या कन्या. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल; बसवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजावर मैदाने भरत. माझ्या वडिलांनी त्यांना ऐकले होते. वडील नेहमी सांगत की शाहिराचा माइक बंद पडला तरी मागच्या माणसाला कळले नाही.

पण पुण्याच्या या पोराचा खरा पूर्वज मला अमर शेखांच्याही मागे, पेशवाईच्या अखेरीस दिसतो. सगनभाऊ. जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार. तलवारी-सुऱ्यांना धार लावणारे, मूळचे जेजुरीचे. राम गोंधळी या साथीदाराबरोबर त्यांचा फड होता, आणि होनाजी-बाळाच्या फडाशी त्यांची चढाओढ. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो उलटवायचा. पेशवाईच्या बुडण्यावरही ते गायले आणि शृंगाराच्या अशा लावण्याही त्यांनी रचल्या की अजून त्या घरात मोठ्याने वाचता येत नाहीत. आज मराठीच्या एम. ए. ला शाहिरी वाङ्मय शिकवताना त्यांचे नाव आदराने घेतात. 2019 मध्ये स्टॅनने ‘खुजा मत’ हे गाणे एमीवे बंटायवर, म्हणजे मुंबईच्या बिलाल शेखवर सोडले, तेव्हा पोरे त्याला ‘डिस’ म्हणत होती. आमच्या नाशिक-खानदेशात कलगी-तुऱ्याचे सामने पाहिलेल्या म्हाताऱ्याला ते अनोळखी वाटायचे कारण नाही. कलगी आणि तुरा या दोन पंथांची कथाच तुकनगिर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांच्या सामन्यापासून सुरू होते. हिंदू-मुसलमान समोरासमोर बसून रात्रभर भांडले आणि त्यातून काव्य झाले, अशी ही कथा.

मग फरक कशात आहे? कारण फरक आहे, आणि तो मी भाच्यापुढेही मांडतो. शाहीर ‘आम्ही’ म्हणतो. वामनदादा कर्डक आमच्या नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गाणी लिहिली. त्या गाण्यांत ‘मी’ फार थोडा आहे. जिथे आहे तिथे त्याच्या मागे लाखो माणसे उभी आहेत. रॅपर ‘मी’ म्हणतो. माझी वस्ती, माझा बूट, माझा पैसा, माझ्यावर जळणारे. 2022 च्या ‘इन्सान’मध्येही हा ‘मी’ कमी होत नाही. भाच्याचे उत्तर असे की वस्तीतल्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा ‘मी’ म्हणायला मिळते आहे, तेवढे म्हणू द्या. उत्तर वाईट नाही. अर्जावर, ओळखपत्रावर, पोलिसांच्या वहीत तो कायम ‘हे लोक’ असतो. पण 80 हजारांच्या बुटांत तो ‘मी’ किती दिवस उभा राहील, हे मला अजून विचारावेसे वाटते.

दुसरा आक्षेप शिव्यांचा, आणि तो मी सोडायला तयार नाही. मार्च 2023 मध्ये इंदूरला स्टॅनचा कार्यक्रम करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी मंचावर चढून बंद पाडला. कारण सांगितले अश्लील भाषेचे. मंचावर चढायचा हक्क त्यांना कोणी दिला, हा एक प्रश्न. आणि तीच भाषा दुसऱ्या नावाच्या माणसाने वापरली असती तर ते चढले असते का, हा दुसरा. पण या दोन प्रश्नांआड तिसरा लपवता येणार नाही: त्या गाण्यांत बाई कुठे आहे? शिवीत आहे. आई आणि बहीण या दोन नात्यांवरच सगळी शिवीगाळ उभी आहे, आणि तीच पोरे गाण्याच्या शेवटी आईच्या दुआचे आभार मानतात.

हे मी नव्हे, माझ्या भाचीने म्हटले. ती भावाहून दोन वर्षांनी लहान, बी. एस्सी. करते, आणि त्याच्या प्रत्येक गाण्याची पहिली श्रोती तीच असते कारण चांगला हेडफोन तिचा आहे. तिने एकदा त्याची वही घेतली आणि प्रत्येक शिवीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग म्हणाली, “इतनी जगा खाली है, भाई. इधर कुछ लिख.” गोवंडीची सानिया मिस्त्री, ‘सानिया एमक्यू’ या नावाने रॅप म्हणणारी मुलगी, शाळेत असतानाच गरिबीवर, मुलींच्या जगण्यावर बोलू लागली आणि 2022 मध्ये तिचे नाव देशभर गेले. भाचीने तिची गाणी भावाला ऐकवली. तो काही बोलला नाही. पण त्यानंतरच्या वहीत रेघा कमी आहेत, हे मी पाहिले आहे.

आता त्या वहीतल्या एका गाण्याबद्दल सांगतो. हे सगळे लिहायला बसण्याचे कारण तेच.

भाचा आयटीआय झाला आहे, फिटर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जातो. जुन्या नाशकातून रोजचे जाणे-येणे, पाळी बदलली की रात्रीचे हाल; म्हणून त्याने आणि त्याच्या एका मित्राने कामाजवळ खोली पाहायला सुरुवात केली. एका इमारतीत खोली रिकामी होती, पाटी लागलेली होती. फोनवर भाडे ठरले, डिपॉझिट ठरले, रविवारी या म्हणाले. रविवारी हे दोघे गेले. घरमालकाने आधार कार्ड पाहिले आणि म्हणाला, खोली कालच गेली. पाटी तशीच होती. पुढच्या रविवारीही होती, कारण भाचा मुद्दाम पाहून आला.

यात नवे काही नाही. आपल्यापैकी कोणाला हा अनुभव नाही? मी स्वतः वीस वर्षांपूर्वी याच विषयावर एक लेख लिहिला होता. त्यात संविधानाचा उल्लेख होता, गंगा-जमनी तहजीब होती, आणि शेवटी ‘समाजाने आत्मपरीक्षण करण्याची वेळ आली आहे’ असे वाक्य होते. चांगला लेख होता. संपादकांना तो आवडला, दोन पत्रे आली, दोन्ही मुसलमान वाचकांची.

भाच्याच्या गाण्याची पहिली ओळ अशी आहे: “नाव पूछे, भाडा पूछेच नै.”

पाच शब्द. त्यात ‘नाव’ मराठी, ‘भाडा’ मराठी, ‘च’ मराठी. ज्या भाषेने त्याला दार बंद केले, त्याच भाषेचे तुकडे हातात घेऊन तो दारापाशी उभा आहे, आणि हे त्याला ठाऊकही नाही. त्याला वाटते तो हिंदीत लिहितो. संविधान नाही, तहजीब नाही, रडणेही नाही. पुढच्या ओळीत तर तो घरमालकाची गंमत करतो: त्याच्या जिन्यातला दिवा गेलेला आहे, पाण्याची मोटर खडखडते, आणि या दोन्ही गोष्टी दुरुस्त करू शकणारा फिटर त्याने नुकताच परत पाठवला. मी ते वाचले आणि हसलो. माझ्या लेखावर कोणी हसले नव्हते.

गाणे त्याने मोबाईलवर बोलून घेतले. बीट इंटरनेटवरून उचललेली, फुकटची. माझ्याकडे पुस्तकांची एक खोली आहे. कपाटांमुळे तिथे आवाज घुमत नाही असा त्याने शोध लावला, दाराला गादी टेकवली, पंखा बंद केला आणि घामाघूम होत अकरा वेळा म्हटले. गाणे टाकल्यावर पहिल्या आठवड्यात ते 640 जणांनी ऐकले. हे थोडे की फार, मला कळत नाही. माझ्या शेवटच्या पुस्तकाच्या 500 प्रती निघाल्या होत्या आणि त्यांतल्या काही अजून याच खोलीत, त्याच्या आवाजाला आडोसा देत उभ्या आहेत. ऐकणाऱ्यांपैकी एकाने खाली लिहिले, ‘मेरे साथ भी सेम’. नाव पाहिले तर तो मुसलमान नव्हता. दुसऱ्या एका जातीचा होता, सातपूरला खोली शोधत होता. भाच्याने त्याला फोन केला. आता तो, भाच्याचा मित्र आणि भाचा असे तिघे मिळून खोली पाहतात आणि पहिल्यांदा आत कोणी जायचे, यावर चिठ्ठ्या टाकतात. माझ्या त्या ‘मी’ आणि ‘आम्ही’च्या आक्षेपाचे काय करायचे, ते मी अजून ठरवलेले नाही.

बहिणीला काळजी वेगळी आहे. ती म्हणते, “भाईजान, नोकरी में किसी ने सुना तो?” कंत्राटी कामगाराला काढायला कारण लागत नाही, हे तिला माझ्याहून चांगले कळते. आणि हल्लीच्या दिवसांत मुसलमान पोराचे कुठले वाक्य कुठे कापले जाईल आणि कशाला जोडले जाईल, याचा भरवसा कोणी द्यावा? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला एवढेच म्हटले की गाण्यात इमारतीचे नाव नाही, माणसाचे नाव नाही, कंपनीचे तर नाहीच. ती म्हणाली, “उसका तो नाव है ना.” भाच्याने अजून टोपणनाव घेतलेले नाही. स्टॅनने घेतले, नेझीने घेतले, सगनभाऊ तरी शिकलगार म्हणून कुठे गात होते. पण हा म्हणतो की गाणेच नावावर आहे, तर नाव कसे बदलू?

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर दुल्हेभाईंनी ते साजाविना ऐकले. टोपी गुडघ्यावर होती. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले की खोली खरेच गेली नव्हती का, आणि मग बराच वेळ अंबडच्या त्या रस्त्याचीच चौकशी करत बसले. तिथे त्यांचे कोणी ओळखीचे राहते. गाण्याबद्दल त्यांनी चांगले-वाईट काही म्हटले नाही. दुसरे कडवे अजून अडलेले आहे. त्यात भाची दोन ओळी म्हणणार आहे, आईच्या बाजूने. ‘डिपॉझिट’ला यमक मिळत नाही म्हणून बहीण-भाऊ रोज रात्री फोन करतात. मी ‘अनामत’ सुचवले, त्याला ‘कयामत’ सहज जुळते. दोघेही हसले. “मामू,” भाची म्हणाली, “अनामत कोन बोलता?”